फक्की मारण्याआधी

पावसाळा सरत आला, दसरा जवळ आला, की या सदराची पत्रं दुपटीने वाढतात. गवंडी मोकळे होतात, लोकांच्या हातात थोडे पैसे असतात आणि सगळ्यांना एकदमच घर बांधायचं असतं. तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण तसलीच आणखी चार पत्रं टेबलावर पडली आहेत, त्यांनीही ते आपलंच समजावं.

प्रश्न : ताई, धायरीत माझी दीड गुंठा जागा आहे. २००६ साली खरेदीखत केलं. सातबाऱ्यावर माझं नाव लागलंय, पण त्याच उताऱ्यावर आणखी अकरा नावं आहेत. मागे ओढा आहे, तो फक्त पावसाळ्यात वाहतो. आता खाली तीन खोल्या आणि मुलाचं लग्न ठरलं की वर दोन, असा बेत आहे. ठेकेदार म्हणतो, "दीड हजार फुटांपर्यंत आता परवानगी लागतच नाही. दसऱ्याला फक्की मारू." पन्नास हजार उचलही मागतोय. देऊ का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : देऊ नका. फक्कीही, म्हणजे पाया आखायच्या पांढऱ्या रेघाही, मारू नका. दसरा पुढच्या वर्षीही येतो.

तुमचा ठेकेदार साफ खोटं बोलत नाही, अर्धं ऐकून बोलतोय. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. कचेरीत तिला सगळे 'युडीसीपीआर' म्हणतात. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या घरांना सवलत आहे. परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरने नियमात बसणारा नकाशा आपल्या सहीने दाखल करायचा, शुल्क भरायचं, आणि ती पावतीच परवानगी धरायची. १५० ते ३०० मीटरच्या भूखंडाला दहा दिवसांत परवानगी द्यायची, असंही तीच नियमावली सांगते. म्हणजे सवलत आहे ती फक्त थांबायच्या वेळात. नकाशा, सही, शुल्क, सामासिक अंतरं (घराभोवती सोडायची मोकळी जागा), एफएसआय (भूखंडाच्या मानाने किती बांधता येतं तो आकडा) यातलं काहीही माफ झालेलं नाही. आणि ही सगळी मजा मंजूर रेखांकनातल्या (लेआउटमधल्या) किंवा नियमित केलेल्या भूखंडाची आहे. सामाईक सातबाऱ्यातल्या तुकड्याची नाही.

आता गणित करू. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. दीड गुंठा म्हणजे १६३३ फूट आणि थोडं वर. चौरस मीटरमध्ये १५१.७६. ठेकेदाराच्या सवलतीची रेघ तुम्ही पावणेदोन मीटरने ओलांडलीत! एवढ्याने काय होतं, असं वाटेल. दहा दिवस थांबावं लागतं, एवढंच होतं. मला तुमची काळजी या पावणेदोन मीटरची नाही, त्या अकरा नावांची आहे.

सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे, क्षेत्र आहे. पण त्या गटात तुमचा दीड गुंठा नेमका कुठे, हे तो उतारा सांगत नाही. ते खरेदीखतातली चतुःसीमा सांगते, आणि तीही 'पूर्वेस अमक्याची जागा' अशा भाषेत. अमक्याने जागा विकली की पूर्व दिशा गेली! म्हणून पहिलं काम हवेली तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज. सहधारकांना नोटिसा जातात, भूकरमापक येतो, खुणा दाखवतो आणि नंतर नकाशाची 'क' प्रत मिळते. ती हातात येईपर्यंत कुणालाही घराचा आराखडा काढायला सांगू नका, मलासुद्धा.

माझीच चूक सांगते. १९९६ साली कोथरूडला एका मास्तरांचं घर होतं. नकाशे काढायचा परवाना मिळून तीन वर्षं झाली होती आणि मला सगळं येतं असं मला वाटत होतं. कागदावर भूखंडाची पुढची बाजू ४० फूट. मोजणीची प्रत मागायची सोडून मी मास्तरांच्याच घरातला टेप धरला. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला त्यांचा सातवीतला मुलगा. त्याने टेपची कडी शेजाऱ्याच्या कुंपणाच्या तारेत अडकवली आणि ओरडला, "चाळीस!" भरले चाळीस, झालं. फक्की मारली, खड्डे घेतले, कॉलम उभे राहिले, जोत्यापर्यंत काम आलं. मग एका सकाळी शेजारी 'क' प्रतीची घडी उलगडत आले. त्यांनी कुंपण घालताना स्वतःच्या हद्दीत दीड फूट आत घातलं होतं, गटारासाठी. आमची बाजू ४० नव्हतीच, साडेअडतीस होती. त्या बाजूचं सामासिक अंतर दीड फुटाने कमी भरलं. तीन कॉलम फोडावे लागले. घणाचे घाव घालणारा माणूस मध्ये मध्ये थांबून माझ्याकडे बघत होता, आणखी फोडू का म्हणून. मास्तर एक शब्द बोलले नाहीत. चहा मात्र त्या दिवशी मिळाला नाही.

तेव्हा अमोनिया प्रिंट काढून, घड्या घालून नकाशे शिवाजीनगरला महापालिकेत न्यायचो. आता नकाशा संगणकात तपासला जातो, अंतर दोन इंच कमी असलं तरी पकडला जातो. पण कडी कुठे अडकवली होती, हे त्या सॉफ्टवेअरला आजही दिसत नाही.

मोजणीनंतरचा प्रश्न भूखंड नियमित करण्याचा. गुंठेवारीचा, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जागांचा, कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू झाला. तुमचं खरेदीखत २००६ चं, म्हणजे तारखेत तुम्ही बसता. पण जागा कुठल्या झोनमध्ये आहे, तिच्यावर रस्त्याची रेषा किंवा आरक्षण आहे का, ते पाहिल्याशिवाय पुढे काही हलत नाही. झोन दाखला मागा. धायरीचा उरलेला भाग २०१७ साली अकरा गावांबरोबर महापालिकेत आला, तेव्हा तुमची फाइल महापालिकेच्या बांधकाम विभागात जाईल. जुन्या ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र कुणी कपाटातून काढून दिलं तर ते फ्रेम करून ठेवा, नकाशाला जोडू नका. (२०२१ साली जी २३ गावं हद्दीत आली, तिथे बांधकाम परवानगी पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, ठेवली होती. तिथल्या वाचकांनी आधी एकच विचारायचं : माझ्या गटाचं नियोजन प्राधिकरण आज कोण? आणि उत्तर लेखी घ्यायचं.)

ओढ्याबद्दल तुम्ही 'फक्त पावसाळ्यात' असं लिहिलंय. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा कात्रजपासून खाली भिंती घेऊन गेला, तोही त्याआधी बहुतेकांच्या लेखी 'फक्त पावसाळ्यातलाच' होता. ओढ्याच्या काठापासून नियमाने अंतर सोडावं लागतं. तुमची जागा गुंठ्याच्या हिशेबाने ३३ बाय साडेएकोणपन्नास फुटांची असेल असं धरते. पुढे रस्त्याकडचं अंतर गेलं, मागे ओढ्याकडचं गेलं, बाजूंची गेली, तर मधे जे उरतं त्यात तीन खोल्या, जिना आणि संडास बसवायचे आहेत. कदाचित दोनच बसतील. हे आज कागदावर कळलेलं बरं. ओढ्यात पाइप टाकून वर मुरूम लोटू असं ठेकेदार म्हणाला, तर त्याच दिवशी ठेकेदार बदला.

वरच्या दोन खोल्यांचा नकाशा आताच मंजूर करून घ्या. खालच्याच घराचा नकाशा दिलात, तर पाया आणि कॉलमचं डिझाइन तेवढ्याचंच होईल आणि लग्नाच्या गडबडीत कुणीतरी 'चालतंय' म्हणून वर भिंती चढवेल. परवानगी एक वर्षाची असते, मुदतीत काम सुरू झालं नाही तर वाढवून घ्यावी लागते. जोतं झालं की थांबायचं, जोत्याची तपासणी करून दाखला घ्यायचा, मग भिंती. हा टप्पा लोक हमखास गाळतात आणि हमखास इथेच अडकतात. खर्चात एक ओळ वाढवा : बांधकाम ठरावीक रकमेच्या वर गेलं की कामगार उपकर भरावा लागतो. शेवटी भोगवटा पत्र. वास्तुशांत झाली म्हणजे घर पूर्ण झालं, असं महापालिका मानत नाही.

विनापरवाना काम निघालं तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५२ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घर पाडायची नोटीस येते ती दारावर, आणि दार तुमचं असतं. ठेकेदार तोवर नऱ्ह्यात दुसरी फक्की मारत असेल.

प्रश्न : शनिवार पेठेत आमचा जुना वाडा आहे, सासऱ्यांच्या नावावर. मागच्या खणाचे वासे कुजलेत, एक तुळई वाकली आहे. खाली दोन भाडेकरू आहेत. शनिवारवाडा आमच्या गच्चीतून दिसतो. नुसती दुरुस्ती करायची आहे, नवीन काही नाही. त्यालाही परवानगी लागते का?
– एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : काकू, 'नुसती दुरुस्ती' हा शब्द फार लवचिक आहे. गिलावा, रंग, फरशी, आतल्या आत केलेले बदल, ज्यांनी बाहेरचं रूप बदलत नाही, त्यांना नगररचना कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे परवानगी लागत नाही. पण तुळई बदलणं म्हणजे वाड्याचा कणा बदलणं. ती काढताना वरचं वजन कशावर तोलायचं हे गवंड्याने ठरवू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरला वर नेऊन वाशांत पेचकस खुपसून बघायला सांगा. तो किती आत जातो, त्यावरून एक खण बदलायचा की तीन, ते कळेल. बाहेरून चांगला दिसणारा सागवानी वासा भिंतीत शिरतो त्या टोकाला भुसा झालेला असतो, हे मी पेठेत इतक्यांदा पाहिलंय की आता भिंतीकडचं टोकच आधी बघते.

तुमच्या पत्रातलं खरं महत्त्वाचं वाक्य मात्र गच्चीचं आहे. शनिवारवाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. शंभर मीटरच्या आत असलात तरी दुरुस्ती करता येते, पण राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीवर सक्षम अधिकारी देतो ती लेखी परवानगी घेऊन. त्यासाठी अंतर मोजून दाखवावं लागेल. डोळ्यांनी 'दिसतो' हे अंतर नव्हे, पर्वतीवरूनही दिसतो.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी. आजच्या आज वाड्याचे फोटो काढा, प्रत्येक खणाचे, तारीख येईल असे. आणि भाडेकरूंकडे किती जागा आहे त्याचं माप दोघांच्या सह्यांनी कागदावर घ्या. उद्या महापालिकेने धोकादायक इमारत म्हणून कलम २६४ ची नोटीस लावली, तर कुणाची खोली केवढी होती यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालतात. वाकलेल्या तुळईखाली मात्र परवानगीची वाट न बघता आज टेकू लावा. जमलं तर खालचं कपाट आणि माणसं दोन्ही हलवा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या सभासदाने गळती थांबवायला गच्चीवर पत्र्याची शेड केली, मग तिन्ही बाजूंनी बंद करून खोलीच केली. हरकत घेतली तर म्हणतात, "मी तिचा टॅक्स भरतो, पावती आहे, म्हणजे ती कायदेशीर झाली." हे बरोबर आहे का?
– एक सेक्रेटरी, कोथरूड

उत्तर : नाही. कर आकारणी विभाग जे उभं आहे त्यावर कर लावतो, ते कसं उभं राहिलं ते बांधकाम विभाग बघतो. महापालिका कायद्याच्या कलम २६७-अ मध्ये तर स्पष्ट लिहिलंय की विनापरवाना बांधकामावर शास्ती (दंड) वसूल केली म्हणून ते नियमित झालं असं समजायचं नाही. पुण्यात अशा बांधकामांना तिप्पट कराची बिलं गेलेली लोकांनी पाहिली आहेत. तुमच्या सभासदाची पावती नीट वाचा. तिप्पट आकारणी असेल तर ती पावती त्यांच्या बाजूची नसून तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

गच्ची सगळ्या सभासदांची. सर्वसाधारण सभेत ठराव करा, त्यांना लेखी पत्र द्या, पोच घ्या, मग महापालिकेकडे अर्ज. तोंडी भांडण जिन्यात करू नका, त्याला आवक क्रमांक मिळत नाही.

गळती मात्र खरी असेल, तिच्याकडे सोसायटीने दुर्लक्ष केलं म्हणूनच हे इथवर आलं असेल. शेड उतरवाल तेव्हा खांबांच्या बोल्टची भोकं त्याच दिवशी नीट बुजवून घ्या. स्लॅबमधून पाणी पुन्हा झिरपायला लागतं ते बहुतेक वेळा तिथूनच.