शेफील्डचा घरमालक मला 'लव्ह' का म्हणतो?

प्रश्न: पुढच्या महिन्यात कोल्हापूरहून शेफील्डला शिकायला चाललोय. खोलीसाठी फोनवर बोलताना घरमालक (आवाजावरून पन्नाशीचा पुरुष) मला दोनदा 'लव्ह' म्हणाला. हे नॉर्मल आहे का? तिकडे कुणाला काय म्हणायचं असतं?

उत्तर:

अगदी नॉर्मल आहे. शेफील्डमध्ये बसचा ड्रायव्हर, प्लंबर, बाजारातला भाजीवाला, सगळे 'लव्ह' म्हणतात आणि पुरुष पुरुषांनाही म्हणतात. लंडनकडून आलेले इंग्रजसुद्धा पहिल्यांदा ऐकून दचकतात, तुमचं काय घेऊन बसलात!

मी 2011 पासून नॉटिंगहॅमला आहे, शेफील्डपासून ट्रेननं तासाभरावर. इथं 'लव्ह'पेक्षा 'डक' जास्त चालतं. आले त्याच आठवड्यात बसमध्ये तिकीट काढलं. ड्रायव्हर टकला, मनगटापासून खांद्यापर्यंत गोंदलेलं, बघूनच भीती वाटावी असा. तिकीट हातात ठेवून म्हणाला, "देअर यू आर, मि डक." इथं 'माय'चा उच्चार 'मि' करतात, म्हणजे 'घे, माझ्या बदका'. मी काही न बोलता मागं जाऊन बसले. रात्री आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बदक म्हणाला? आणि तू ऐकून घेतलंस?"

इथले लोक तुम्हाला ठासून सांगतील की हा 'डक' म्हणजे बदक नव्हेच, जुन्या सॅक्सन काळातला आदराचा शब्द आहे, 'ड्यूक'चा भाऊबंद. मला ते आपल्या व्हॉट्सॲपवरच्या व्युत्पत्तींसारखं वाटतं. शेक्सपिअरच्या नाटकात प्रेयसी मेली असं समजून तिला 'ओ डेंटी डक' म्हणून हंबरडा फोडणारा पिरॅमस आहे. लाडानं बदक म्हणायची रीत तेव्हापासून तरी आहेच, मग सॅक्सन काळापर्यंत कशाला जायचं? मॅकबेथ बायकोला 'चक' म्हणतो, आणि तेच 'चक' लँकाशरमधल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडात अजून आहे.

मुळात या शब्दांचा अर्थ लावत बसायचंच नाही. आपण रिक्षावाल्याला काका म्हणतो, भाजीवालीला मावशी म्हणतो, तेव्हा नातं कुठं जोडायला जातो? समोरच्याला हाक मारायला काहीतरी हवं असतं, आणि नुसतं 'ओ' म्हणणं उद्धट वाटतं. इंग्रजीत नातेवाइकांचे शब्द अनोळखी माणसाला फारसे लावत नाहीत आणि तू-तुम्हीची सोयही उरलेली नाही. मग ते काम लव्ह, डक, पेट असल्या शब्दांकडे आलं.

तू-तुम्ही 'उरलेली नाही' म्हटलं खरं, पण तुम्ही चाललाय तिथं ती थोडी शिल्लक आहे! यॉर्कशरमध्ये जुनी माणसं अजून 'दाउ'-'दी' वापरतात, उच्चारी 'दा' आणि 'दी'. हे चक्क आपलं 'तू'. ते कुणाला म्हणायचं याचे नियमही आपल्यासारखेच: मित्राला, धाकट्याला चालतं, वडीलधाऱ्याला नाही. पोरानं आगाऊपणा केला तर म्हणायचे, 'डोन्ट दी-दा मी', म्हणजे मला अरे-तुरे करू नकोस. शेजारच्या बार्न्सलीचे लोक शेफील्डकरांना यावरूनच 'डी-डार' म्हणून चिडवतात. तरुण पोरांत हे आता कमी झालंय, पण पबमध्ये एखादे आजोबा भेटले तर कान देऊन ऐका.

बाकी ठिकाणची गंमत थोडक्यात सांगते. न्यूकॅसलला 'पेट' आणि 'हिनी' (हे 'हनी'चंच रूप), बर्मिंगहॅमला 'बॅब', लिव्हरपूलला बायकांना 'क्वीन', ग्लासगोला बायकांना 'हेन', म्हणजे कोंबडी. ब्रिस्टलला दुकानदार 'माय लव्हर' म्हणेल. घाबरू नका, मोड किती परत द्यायची एवढंच त्याच्या मनात असतं. साउथ वेल्सचं 'बट' ऐकून भारतीय मुलं हमखास हसतात, पण ते 'बटी'चं आखूड रूप, कोळशाच्या खाणीत बरोबर काम करणारा जोडीदार. खाणी बंद पडल्या, शब्द राहिला. आमच्या नॉटिंगहॅम-डर्बीकडे पुरुष एकमेकांना 'युथ' म्हणतात. मी औषधांच्या दुकानात काम करते. काउंटरवर काठी टेकत एक आजोबा येतात, रांगेत त्यांच्याहून थोरले दुसरे आजोबा दिसले की म्हणतात, "एय अप, युथ!" आपलं "काय तरुण, कसं काय?" तेच ते.

पण मला सगळ्यात आवडतं ते 'पॅल'. मित्र या अर्थी अमेरिकेतही चालतं, म्हणून कुणाला वेगळं वाटत नाही. हा शब्द इंग्रजीत आला रोमा लोकांच्या भाषेतून. रोमानीत भावाला 'फ्राल' म्हणतात, इंग्लंडमधल्या रोमांनी त्याचं 'पॅल' केलं. रोमा मूळचे भारतातले, साधारण हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडे निघालेले, आणि त्यांचा 'फ्राल' म्हणजे संस्कृतातला 'भ्राता'. आपला 'भाऊ' त्याच भ्रात्यापासून आला. म्हणजे ग्लासगोतला 'पॅल' आणि कोल्हापुरातला 'भावा' लांबचे चुलतभाऊ निघाले. पैशाला बोलीत 'वोंगा' म्हणतात, तोही रोमानीच: मूळ अर्थ कोळसा, आपला 'अंगार'.

आणि 'भाऊ'सारखंच 'पॅल'चंही आहे, सगळा खेळ सुराचा. "अहो भाऊ, जरा सरकता का?" वेगळं आणि सिग्नलला काच खाली करून "ओ भाऊ, दिसत नाही का?" वेगळं. पबमध्ये कुणी सावकाश, दात न दाखवता "लिसन, पॅल" म्हणालं तर आपला ग्लास उचलायचा आणि दुसऱ्या टेबलावर जायचं. 'मेट'चंही तसंच.

तुम्ही स्वतः काय म्हणायचं? सुरुवातीला काहीच नाही. 'मेट' तेवढं कुठंही चालतं. मी हौसेनं दुसऱ्याच महिन्यात एका बाईंना 'मि डक' म्हणाले. बाई गोड हसल्या, पण मागं उभी असलेली सहकारी दिवसभर माझी नक्कल करत होती. कोकणात पुण्याच्या माणसानं मुद्दाम हेल काढून 'गो बाय' म्हणावं तसं झालं असणार. तीन-चार वर्षांनी एकदा आपोआप तोंडून गेलं, तेव्हा कुणाचं लक्षही गेलं नाही.

ऑफिसात मात्र जपून. दुकानातल्या मावशींनी 'लव्ह' म्हणणं आणि साहेबानं हाताखालच्या मुलीला मीटिंगमध्ये 'लव्ह' म्हणणं यात फरक आहे, आणि आता बायका ते तोंडावर सांगतात. बरोबरच आहे. विद्यापीठात प्राध्यापकांना बहुतेक नावानंच हाक मारतात, 'सर' म्हणालात तर तेच अवघडतील.

राहता राहिला घरमालक. 'लव्ह' म्हणाला म्हणून माणूस लबाड ठरत नाही, तसाच भलाही ठरत नाही. करार नीट वाचा, भाड्याची पावती मागा. स्वतंत्र भाड्याचं घर असेल तर अनामत रक्कम 30 दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत ठेवणं त्याला कायद्यानं बंधनकारक आहे, त्याचा कागद मागून घ्या. मालक त्याच घरात राहत असेल तर हा नियम लागत नाही, तेव्हा ते आधीच विचारा. कागद देतानाही तो 'देअर यू गो, लव्ह'च म्हणेल.