ग्रिन्योलिनो ही इटालियन रेड वाइन इतकी फिकट का असते आणि ती कशाबरोबर घ्यावी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. तोरिनोत भेट मिळालेली ग्रिन्योलिनोची बाटली उघडली तर रंग जवळजवळ रोझेसारखा (गुलाबी वाइनसारखा) निघाला, म्हणजे ती खराब झाली का? आणि जेवणात ती कशाबरोबर चांगली लागेल?

रंगावरून काळजी करू नका. ग्रिन्योलिनो अशीच असते: फिकट लाल, ग्लास तिरका धरला की कडेला किंचित नारिंगी झाक. वायव्य इटलीतल्या पिएमोंते प्रांतात, आस्ती आणि काझाले मोंफेर्रातो भागातल्या टेकड्यांवरचं हे जुनं द्राक्ष. याच्या सालीत रंगद्रव्यच कमी असतं, त्यामुळे रस सालीसकट आंबवला तरी गडद रंग उतरत नाही. रोझेत साली लवकर बाजूला काढतात, इथे तसं करत नाहीत. ही पूर्ण रेड वाइनच आहे.

खरंच बिघडली असेल तर ते नाकाला कळतं. व्हिनेगरचा किंवा चिरून काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास आला, रंग तपकिरी दिसला, तर हवा लागली आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर दोष बुचाचा. चांगल्या बाटलीला स्ट्रॉबेरी-रासबेरी, गुलाबपाकळी आणि पांढऱ्या मिरीचा वास येतो.

आता चवीकडे, कारण लोक फसतात ते इथे. या द्राक्षाच्या एकेका मण्यात बिया जास्त, बऱ्याचदा तीन-चार, आणि बियांत टॅनिन, म्हणजे तोंड तुरट करणारं द्रव्य, ठासून भरलेलं. त्यात एकाच घडातले मणी मागेपुढे पिकतात. दाब जरा जास्त बसला की कच्च्या बियांचा कडूपणा वाइनमध्ये उतरतो. म्हणून जाणते उत्पादक हलक्या हाताने दाबतात आणि रस साली-बियांवर फार दिवस ठेवत नाहीत. एवढं करूनही वाइन जिभेला चांगली तुरट, आंबटसर आणि शेवटी थोडी कडवट लागते. ती कडवट अखेर या वाइनची ओळखच आहे.

टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. ताटात स्निग्धपणा, प्रथिनं आणि मीठ असलं की तो तुरटपणा निवतो, आणि वाइनचा आंबटपणा तोंडातला तेलकटपणा धुऊन काढतो. पिएमोंतेचं घरगुती जेवण नेमकं असंच असतं. माझी पहिली पसंती वितेल्लो तोन्नातोला: उकडून गार केलेल्या वासराच्या मांसाचे पातळ काप, वर ट्यूना, अँकोव्ही (छोटे खारवलेले मासे), केपर (खारवलेल्या कळ्या) घातलेला मेयोनेजसारखा सॉस. गडद, जड रेड या सॉसला दाबून टाकते, ही टाकत नाही. त्याखालोखाल सलामी, मांस भरलेला अन्योलोत्ती पास्ता, आणि मांसापासून सफरचंदापर्यंत सगळं तळून वाढतात तो फ्रित्तो मिस्तो. चीजमध्ये रोबिओला हे मऊ चीज घ्या. लसूण-अँकोव्हीच्या बान्या काउदा या गरम सॉसबरोबरही चालते.

मासे जपून. रंग फिकट असला तरी वाइनमधलं लोह तेलकट माशाच्या चरबीशी भिडतं आणि तोंडात धातूसारखी चव राहते, म्हणून बांगडा नको. पांढऱ्या मांसाचा मासा टोमॅटोत शिजवलेला किंवा तळलेला असेल तर जमतं.

घरी मराठी स्वयंपाक असेल तर कांदाभजी, कोथिंबीर वडी किंवा कमी तिखटाचं सुकं चिकन याबरोबर घ्या. झणझणीत रस्सा टाळा; तिखटाने अल्कोहोलचा चटका आणि तुरटपणा दोन्ही वाढतात. गूळ-चिंचेची अळूवडीही नको, कारण ताटातल्या गोडाने वाइन आणखी आंबट आणि कडू वाटते.

तापमानावर निम्मा खेळ आहे. १४ ते १६ अंश ठेवा. सात-आठ अंशांवर प्यायलात तर वास दबतो आणि टॅनिन बोचतं. २२-२३ वर नुसतं अल्कोहोल नाकात जातं. फ्रीजमध्ये असेल तर पाऊण तास आधी बाहेर काढा. उन्हाळ्यात खोलीतली बाटली असेल तर बर्फ आणि पाणी घातलेल्या भांड्यात १२-१५ मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात ठेवू नका, पाण्याशिवाय बाटलीला गारवा नीट लागत नाही. मध्यम आकाराचा ग्लास घ्या. डिकँटरची (वाइन ओतून ठेवायच्या भांड्याची) गरज नाही.

लेबलही वाचा. आस्तीकडच्या ‘ग्रिन्योलिनो दास्ती’ला डीओसी दर्जा (ठराविक भागातल्या वाइनला मिळणारा इटलीचा अधिकृत दर्जा) १९७३ मध्ये मिळाला, काझालेकडच्या ‘मोंफेर्रातो काझालेझे’ला १९७४ मध्ये. आस्तीकडच्या रेताड जमिनीतली वाइन जास्त नाजूक, काझालेकडच्या चुनखडीयुक्त चिकणमातीतली जरा भरदार. दोन्ही साधारण दोन-तीन वर्षांत संपवाव्यात. लेबलवर ‘मोंफेराचे’ लिहिलं असेल तर प्रकरण वेगळं: शंभर टक्के ग्रिन्योलिनो, काढणीनंतर किमान ४० महिने मुरवलेली, त्यातले २४ लाकडात. ती १६-१८ अंशांवर, मंद शिजवलेल्या मांसाबरोबर किंवा मशरूमबरोबर घ्या, आणि घाई नसेल तर आणखी काही वर्षं ठेवा.

उघडलेली बाटली उरली तर बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. त्यानंतर फळांचा वास विरतो आणि तुरटपणाच उरतो.