सिकाची शिट्टी आणि भेकराचे भुंकणे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील किनटायर भागात राहतो. ऑक्टोबरमधील एका पहाटे घरामागच्या झाडीतून शिट्टीसारखी सुरू होऊन किंकाळीत जाणारी साद त्याने ऐकली आणि मला मोबाइलवर पाठवली. हे सिका हरीण आहे, असे तेथील लोक सांगतात. कोयनेच्या रानातील सांबराचा इशारा लहानपणापासून ऐकलेला असल्याने हेही हरीण कशाला तरी घाबरले असावे, असे त्याला वाटते. तसे असेल काय? आणि ते जवळून पाहायचे झाल्यास कसे जावे?
– एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून ही साद घाबरलेल्या हरणाची नसून माजावर आलेल्या नराची आहे. सिका हे मूळचे जपान व पूर्व आशियातील हरीण. जपानी भाषेत ‘शिका’ म्हणजेच हरीण. १८६० च्या सुमारास ते ब्रिटन व आयर्लंडमध्ये नेण्यात आले आणि उद्यानांतून सुटलेल्या व सोडलेल्या प्राण्यांपासून तेथे त्याच्या रानटी वस्त्या झाल्या. उन्हाळ्यात त्याच्या तांबूस अंगावर पांढरे ठिपके असतात, त्यामुळे आपल्या माणसाला प्रथमदर्शनी चितळच वाटते. मात्र चितळाचे ठिपके बारमाही असतात, तर सिका हिवाळ्यात करडा-काळसर होतो आणि त्याचे ठिपके जवळजवळ दिसेनासे होतात.

तिकडे माजाचा हंगाम साधारणपणे सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत असतो. या काळात नराची शिट्टी चढत जाते, तिची किंकाळी होते आणि मग ती खाली उतरते; असे पाठोपाठ तीन-चार वेळा होते आणि नंतर बराच वेळ, कधी पाव तास तर कधी त्याहून अधिक, तो गप्प राहतो. धोक्याची शिट्टी वेगळी असते. ती आखूड व तीक्ष्ण असते, तिच्यात हा चढ-उतार नसतो आणि त्या वेळी पार्श्वभागावरचे पांढरे केस फुलून दुरूनही दिसतात. म्हणून आवाज किती मोठा आहे याकडे लक्ष न देता त्याचा चढ-उतार आणि दोन सादांमधील खंड ऐकावा, असे भाच्यास कळवावे. सांबराचा ‘ढाँक’ हा इशारा असतो, तर सिकाची ही किंकाळी म्हणजे माद्यांना आणि प्रतिस्पर्धी नरांना दिलेली आपल्या हद्दीची जाणीव असते. दोन्ही आवाज अंगावर काटा आणतात, एवढेच त्यांच्यात साम्य आहे.

जवळ जाण्याविषयी लिहिण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तेथे ‘स्टॉकिंग’ म्हणजे बंदूक घेऊन पायी माग काढत जाणे. सिका कोवळ्या लागवडीची नासाडी करतात, शिवाय तेथील मूळच्या लाल हरणांशी त्यांचा संकर होतो, म्हणून त्यांची संख्या नियंत्रित ठेवण्यासाठी कायदेशीर शिकार चालते. तेव्हा पहाटे झाडीत शिरण्याआधी त्या दिवशी तेथे बंदूकधारी आहेत काय, याची चौकशी जमिनीच्या व्यवस्थापकाकडे अवश्य करावी.

पुढचे सगळे वाऱ्यावर अवलंबून असते. हरणाची नजर हालचाल टिपते आणि कान कुजबुज टिपतात, पण या दोहोंबाबत त्याला कधी कधी शंका येते; माणसाचा वास आला की मात्र शंका उरत नाही. डोंगराळ मुलखात रात्री व पहाटे गार हवा उतारावरून दरीत येते आणि ऊन तापल्यावर वर चढू लागते. हा नियम कोयनेच्या खोऱ्यातही तोच आणि स्कॉटलंडच्या दऱ्यांतही तोच. म्हणून पहाटे खालून वर जावे आणि ऊन चढल्यावर वरच्या अंगाने उतरावे. चिमूटभर चाळलेली राख बाटलीत ठेवून अधूनमधून सोडली, तर वाऱ्याचा कल समजतो. साद ऐकू आली की तिच्या दिशेने घाईने निघू नये. नर गप्प झाला म्हणजे निघून गेला, असे मुळीच नाही; पुष्कळदा तो त्याच वेळी आवाज न करता झाडीतून पुढे सरकत असतो. झाडाच्या बुंध्याला पाठ लावून वीस-पंचवीस मिनिटे स्तब्ध उभे राहणारा माणूस चालणाऱ्यापेक्षा जास्त पाहतो, हा माझा सह्याद्रीतला अनुभव आहे आणि तिकडेही तो खरा ठरेल, असा मला विश्वास वाटतो.

प्रश्न : आमचे गाव चांदोलीच्या जंगलालगत आहे. रात्री भेकर अर्धा-अर्धा तास भुंकत राहते आणि लगेच ‘बिबट्या आला’ असे निरोप फिरू लागतात. भेकर ओरडले की बिबट्या असतोच काय?
– एक वाचक, शिराळा (जि. सांगली)

उत्तर : असतोच, असे नाही. भेकर एकांडे असते आणि दाट झाडीत राहते, जिथे त्याला दूरचे दिसत नाही. त्यामुळे निव्वळ संशय आला तरी ते भुंकू लागते आणि बराच वेळ थांबत नाही. तो संशय बिबट्याचा असेल, कोळसुंद्यांचा (रानकुत्र्यांचा) असेल किंवा शेतावर राखणीला निघालेल्या आपल्याच शेजाऱ्याचाही असेल. भेकराने काहीतरी हेरले आहे, इतकेच त्या भुंकण्यावरून खात्रीने म्हणता येते. सांबराचा कॉल तुलनेने अधिक भरवशाचा मानला जातो. पुढचा पाय आपटत, शेपूट ताठ उभारून, एकाच दिशेला तोंड करून सांबर पुन्हा पुन्हा ‘ढाँक’ देऊ लागले आणि त्याच दिशेने भेकर किंवा वानरेही बोलू लागली, तर मोठा शिकारी प्राणी फिरत असण्याची शक्यता खूपच वाढते. कॉलची जागा सरकत गेली, तर तो प्राणी कोणीकडे चालला आहे याचाही अंदाज येतो. अनेक अभ्यासकांच्या मते असा कॉल शिकाऱ्यालाही उद्देशून असतो: तुला पाहिले आहे, आता दबा धरून उपयोग नाही.

आपल्या गावासाठी माझी सूचना अशी की, निरोप पाठवण्यापूर्वी किमान दोन जातींचे कॉल मिळतात काय, हे ऐकावे आणि सकाळी पायवाटेवर ठसे पाहावेत. खात्री होवो वा न होवो, रात्री एकट्याने बाहेर पडू नये आणि शेळ्या बंदिस्त गोठ्यातच ठेवाव्यात.

प्रश्न : सागरेश्वर अभयारण्यात मोबाइलवर हरणांचे आवाज वाजवून ती जवळ बोलावता येतील काय?
– एक विद्यार्थी, पलूस (जि. सांगली)

उत्तर : कृपया असे करू नये. माजाच्या काळात खोटी साद ऐकलेला नर चरणे सोडून प्रतिस्पर्ध्याला शोधत फिरतो, आणि धोक्याचा कॉल वाजवला तर पिल्लांसह माद्या उधळतात. सागरेश्वर जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचे आणि कुंपणाने वेढलेले आहे. उधळलेल्या हरणांना लांब जायला तिथे जागा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्राण्यांना त्रास देण्यास मनाईही आहे. आपल्याला आवाजच ऐकायचे असतील, तर उन्हाळ्यात, अभयारण्य उघडताच, पहिल्या वेळेस जावे. त्या दिवसांत चितळाचे नर माजावर असतात आणि त्यांचा घोगरा, ओढलेला हंबरडा सकाळच्या शांततेत डोंगराच्या या उतारावरून त्या उतारावर सहज ऐकू येतो.