टेबल सोडू नकोस

तुझा रात्री पावणेबाराचा मेसेज मी सकाळी कोर्टाला निघताना वाचला आणि मग दिवसभर डोकं तिथंच होतं, उलटतपासात साक्षीदाराचं नाव दोनदा चुकीचं घेतलं, जजसाहेबांनी वर बघितलं. मंत्र्यांच्या ऑफिसात ओएसडी म्हणजे विशेष कार्य अधिकारी म्हणून बोलावलंय, पगार चांगला आहे, पुढं जिल्हा परिषदेच्या तिकिटाचं बघू म्हणालेत, फक्त सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, सस्पेंड करावी लागेल, काय करू सर? विचारलंयस खरं, पण त्या एवढ्याशा मेसेजमध्ये "संधी" हा शब्द तीनदा आलाय, म्हणजे तुझं निम्मं ठरलंय. असू दे. तू हुशार आहेस, करशील वगैरे मी लिहीत बसत नाही.

माझं म्हणणं एवढंच की टेबल सोडू नकोस. बाररूममधलं ते सनमायका उडालेलं टेबल, ज्याची अर्धी बाजू मी तुला दिली आणि बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली, ते. आत जा, मंत्रालयात जा, कुठंही जा, पण परत येऊन बसायला जागा असली पाहिजे आणि दोन-चार पक्षकार तरी असे पाहिजेत की जे म्हणतील, मॅडम आल्या का? ज्याला परत येता येतं त्यालाच "नाही" म्हणता येतं.

आणि तू लिहिलंयस, "वकील मंत्री झालेच की सर, बाबासाहेबही कायदामंत्री होते." हे वाचून मी चिडलो, खोटं कशाला बोलू. बाबासाहेबांचं नाव घ्यायचं तर पूर्ण घे ना. शपथ घेतल्याचा फोटो सगळ्यांना माहितीय, त्याच्या आधीचं आणि नंतरचं कोण बघतं?

1923 साली ते मुंबई हायकोर्टात वकिली करायला उभे राहिले तेव्हा बॅरिस्टर होते, लंडनची डी.एससी. त्याच वर्षी मिळाली, आणि सनदेच्या पैशासाठी नवल भथेना या मित्राची मदत घ्यावी लागली होती. सॉलिसिटर लोक काम देत नव्हते, कारण जात. पोटासाठी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला, 1925 ते 28. त्याच्या आधी बडोद्याची नोकरी करून बघितलेली, तिथं शिपाई लांबून फाईल फेकायचे आणि राहायला जागा मिळाली नाही. नोकरी म्हणजे काय हे ज्याने असं भोगलंय तो वकिलीला का चिकटून राहतो, विचार कर जरा. 1926 साली पुण्यात 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरच्या खटल्यात आरोपींच्या बाजूने उभे राहिले आणि जिंकले. 1934 साली र. धों. कर्व्यांची केस घेतली, लैंगिक प्रश्नांवर छापलं म्हणून अश्लीलतेचा खटला होता, ती हरले. चवदार तळ्याचा दावा 1927 पासून चालला आणि हायकोर्टाचा निकाल 1937 साली लागला. नऊ वर्षांच्या वर! आणि तू मला परवा विचारत होतीस की वाटणीच्या दाव्याला तीन वर्षं कशी लागतात.

मग 1942 साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री. तिथंही नुसते खुर्चीत बसून राहिले नाहीत, 1943 च्या डिसेंबरात धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. मग 1947 ला कायदामंत्री, आणि घटनेचं काम तर काय सांगायचं. पण मला तुला 1951 सांगायचंय.

हिंदू कोड बिल. मुलीला वारसा, बायकोला घटस्फोट, दत्तक, सगळं त्यात. 1948 ला सिलेक्ट कमिटीकडे गेलं, मग आज घेऊ उद्या घेऊ. 51 च्या फेब्रुवारीत चर्चा झाली, परत थांबली. ऑगस्टमध्ये त्यांनी नेहरूंना लिहिलं की तब्येत ठीक नाही, डॉक्टरांच्या हवाली व्हायच्या आधी हे बिल मार्गी लावायचंय. सप्टेंबरात परत घेतलं आणि फक्त चार कलमं पास होऊन बिल गुंडाळलं. 27 सप्टेंबरला राजीनामा. ऑक्टोबरमध्ये सभागृहात निवेदन करायला उभे राहायचे होते तर उपसभापतींनी आधी प्रत द्या म्हटलं, ते उठून बाहेर गेले आणि निवेदन पत्रकारांना दिलं. त्यात बिलाबरोबर बाकीचंही आहे, अनुसूचित जातींकडे झालेलं दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, स्वतःला नियोजनाचं खातं न मिळणं. कायदा खातं म्हणजे म्हाताऱ्या वकिलांना खेळायला दिलेली रिकामी पेटी, अशा अर्थाचं ते बोलले होते, काढून वाच कधीतरी.

बदल्यात काय मिळालं? 1952 च्या निवडणुकीत मुंबईत काजरोळकरांकडून पराभव. 54 ला भंडाऱ्यात पुन्हा पराभव. हे पण लिही तुझ्या त्या "संधी"च्या यादीत.

आता तू म्हणशील, चार वर्षं थांबलेच ना मग आत. हो, थांबले. इथंच मला तुला पकडायचंय. ते एका कामासाठी थांबले होते आणि ते काम कोणतं हे त्यांना पक्कं माहिती होतं. काम मेलं, माणूस बाहेर. तुझं काम कोणतं? मेसेजमध्ये नाहीये. पगार आहे, गाडी आहे, "एक्स्पोजर" आहे, काम नाही. (त्या बिलाचे तुकडे करून 1955 आणि 56 ला चार कायदे झाले. मुलीला एकत्र कुटुंबात जन्मतः हक्क द्यायला महाराष्ट्राने 1994 उजाडवलं आणि केंद्राने 2005. तुझ्या आईचा मामांविरुद्धचा दावा कशावर उभा आहे ते तूच मला सांगितलंस.)

मोठ्या माणसाचं उदाहरण नको वाटत असेल तर एम. सी. छागला घे. अर्थात ते काही लहान नव्हते, मुंबईचे चीफ जस्टिस. नंतर केंद्रात शिक्षणमंत्री, मग परराष्ट्रमंत्री, आणि 1967 ला विद्यापीठातल्या माध्यमभाषेच्या धोरणावर पटलं नाही म्हणून राजीनामा. मग? सुप्रीम कोर्टात वकिली. मुंबई हायकोर्टात करता येत नव्हती, कारण तिथंच जज होते, घटनेचं कलम 220, तुला पाठ असायला पाहिजे. त्यांचं टेबल शाबूत होतं, बघितलंस ना. नाहीतर राजीनामा खिशात घेऊन फिरणारेही आपण बघितलेत, खिसा फाटला पण कागद बाहेर आला नाही.

आता माझं. हे तुला कधी सांगितलं नाही, बाररूममध्ये काही लोकांना माहितीय.

2008 साली मला सरकारी वकिलाच्या पॅनेलवर घेतलं, कोणाच्या शब्दावर ते जाऊ दे. कालव्यासाठी घेतलेल्या जमिनींची प्रकरणं, जुन्या भूसंपादन कायद्याच्या कलम 18 ची, मोबदला वाढवून मागणारी. त्या दोन वर्षांत मी खाजगी कामं घेणं बंद केलं, पक्षकार दुसरीकडे गेले, टेबल एका मित्राला दिलं. एका बाईची जमीन जिरायत, म्हणजे पावसावरची, धरली होती. माझ्या फाईलमध्ये संयुक्त मोजणीचा कागद होता आणि त्यात विहीर स्पष्ट लिहिलेली. मी विचारलं, हा दाखल करतो. वरून निरोप आला, राहू द्या. मी राहू दिला. समोरच्या वकिलाने तो मागवलाच नाही, निकाल जिरायतीच्या कमी दराने लागला. कोर्टाबाहेर ती बाई म्हणाली, "वकीलसाहेब, हीर होती ना वो तिथं?" मी म्हटलं, अपील करा.

सोडायला पाहिजे होतं त्याच दिवशी. पण घराचं कर्ज होतं, मुलीच्या हॉस्टेलची फी होती, आणि सोडून जायचं कुठं, टेबलावर दुसरा माणूस बसला होता. तू म्हणशील सर कारणं देतायत. देतोय. अपिलात तिला वाढ मिळू शकली असती हेही खरंय, कागद मागवणं समोरच्याचं काम होतं हेही खरंय. पंधरा-सोळा वर्षं मी हेच स्वतःला सांगतोय, आणि विहीर काही बुजत नाही.

म्हणून ओरडतोय तुझ्यावर. ऑफिसात तुला कोणी चोरी कर म्हणणार नाही. फक्त "हा कागद राहू द्या" म्हणतील, चहा मागवून, गोड बोलून. त्या वेळी तुझी सनद सस्पेंड असेल, पक्षकार गेलेले असतील आणि नवी गाडी हप्त्यावर असेल.

जायचंच असेल तर आधी एका कागदावर लिही, कशासाठी जातेय, एकच ओळ. लिहिता आली नाही तर जाऊ नकोस, आली तर मला दाखव. तुझ्या फाईली मी बघतो, वाटणीचा दावा पण, पक्षकार कोणाला देणार नाही. दुसऱ्या जुनिअरने टेबल मागितलंय, त्याला मी खिडकीजवळ बस म्हणून सांगितलं.

आणि बार काउन्सिलचा तो फॉर्म भरलास तरी सही करायच्या आधी फोन कर. अकरा ते दोन माझा सायलेंटवर असतो, कारकुनाच्या नंबरवर लाव.