औषध भांडाराचा चार्ज नवीन घेताय? आधी एवढंच करा

सगळ्या मालाची यादी करत बसू नका. ज्यांच्यावाचून रुग्ण दगावेल अशा पंधरा-वीस वस्तू आधी वेगळ्या काढा: ॲड्रेनलिन, सलाइन, सर्पदंशावरचं प्रतिविष, ऑक्सिजन वगैरे. बाकीचं नंतर.

प्रत्येकीची मागणीची पातळी ठरवा. समजा रोज ४० सलाइन लागतात आणि ऑर्डर दिल्यावर माल यायला ७ दिवस लागतात. म्हणजे २८०. त्यात ५ दिवसांचा राखीव साठा, २००. शिल्लक ४८० वर आली की त्याच दिवशी मागणी टाका. दिवस मोजताना पुरवठादाराचा शब्द धरू नका, मागच्या चलनांवरच्या तारखा बघा. वर्षाची सरासरीही फसवी असते. पावसाळ्यात सर्पदंश वाढतात, तेव्हा प्रतिविषाचा राखीव साठा मे महिन्यातच वाढवून ठेवा.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- नवा माल पुढे, जुना मागे. ज्याची मुदत आधी संपते तो पुढे हवा.
- तुटवड्याच्या अफवेवर सहा महिन्यांचा साठा. त्यातला काही मुदतबाह्य होऊ शकतो, शिवाय शेजारच्या रुग्णालयाला मिळत नाही तो वेगळाच.
- दोन पुरवठादार, पण कारखाना एकच. ही सर्वांत महागात पडणारी चूक. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन चक्रीवादळाच्या पुराने नॉर्थ कॅरोलिनातला एक कारखाना बंद पडला आणि अमेरिकाभर सलाइनची टंचाई झाली. म्हणून लेबलवरचं उत्पादकाचं नाव वाचा, वितरकाचं नव्हे.

पर्यायी औषधांची यादी डॉक्टरांकडून आत्ताच सही करून घ्या. सॉफ्टवेअरचं पुढे बघू, सध्या वही पुरते.