मोतीबिंदूचं ऑपरेशन: बाटलीची उंची आणि डोळ्याचा पडदा

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, १५ वर्षं मधुमेह. बेळगावात मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणाले, "बाटली जरा खाली ठेवू, पडद्यावर ताण नको." बाटलीचा पडद्याशी काय संबंध? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : फेको मशीन मोतीबिंदू फोडून शोषून घेतं तेव्हा तेवढंच पाणी बाटलीतून डोळ्यात यावं लागतं. बाटली जितकी उंच, तितका आतला दाब जास्त. दर १.३६ सेंटिमीटरला पाऱ्याचा १ मिलिमीटर. म्हणजे बाटली डोळ्यापासून १०० सेंटिमीटर वर असेल, तर शोषण थांबलेल्या क्षणी दाब ७३ च्या आसपास जातो. एरवी तो १० ते २१ असतो. दाब असा चढला की पडद्याचा (डोळ्याच्या आत मागे असलेल्या रेटिनाचा) रक्तपुरवठा कमी होतो. निरोगी पडदा थोडा वेळ हे सोसतो, मधुमेहाने कमजोर झालेल्याला त्रास होऊ शकतो.

मात्र नुसती बाटली खाली आणून भागत नाही. शोषणाचा जोर तोच ठेवला, तर नळीत अडकलेला तुकडा सुटताच पाणी झपकन ओढलं जातं, डोळ्याचा पुढचा कप्पा बसतो आणि भिंगामागचं नाजूक आवरण फाटू शकतं. ते फाटलं तर पडद्याला सूज येण्याचा आणि पडदा सुटण्याचा धोका बाटलीच्या दाबापेक्षा कितीतरी मोठा. म्हणून बाटलीबरोबर शोषणही कमी करतात. वेळ थोडा जास्त लागतो, लागू द्या. काही नव्या मशीनमध्ये उंचीऐवजी थेट दाबच ठरवता येतो.

आमच्या मते तुम्ही बाटलीपेक्षा एक गोष्ट आधी विचारा : बाहुली मोठी करून पडदा तपासला का, ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) काढली का? पडद्याला आधीच सूज असेल तर तिच्या उपचाराचं आधी ठरवावं लागतं.

ऑपरेशननंतरची सूज बहुधा चार ते सहा आठवड्यांनी दिसते. नेमकं तेव्हाच "दिसतंय की" म्हणून, किंवा उसाची तोड सुरू झाली म्हणून, तपासणी चुकवली जाते. तसं करू नका. घरी रोज एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी बघायला सांगा. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधोमध धूसर डाग आला, तर दोन दिवसांत दाखवा. वीज चमकल्यासारखं वाटलं, काळे ठिपके अचानक वाढले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार आला, तर त्याच दिवशी. थेंबांचा कागद कन्नडमध्ये असेल तर कोणता थेंब किती दिवस, ते तिथेच मराठीत लिहून घ्या.