दगडावरचा नकाशा

प्रश्न : उंच, थंड डोंगरावर भटकताना एका खडकावर तळहाताएवढा पिवळट हिरवा डाग दिसला. कडेने काळी रेघ, अगदी नकाशाच. चाकूने खरवडला तर निघेना, नुसती भुकटी पडली. हा रंग आहे की बुरशी? आणि किती जुना असेल?

उत्तर : रंग नाही, ते शैवाक आहे. म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. वर्णनावरून हे रायझोकार्पेसी कुळातलं ‘रायझोकार्पॉन जिओग्राफिकम’ वाटतं. मसाल्यातलं दगडफूलही शैवाकच, पण त्याला खालून साल असते, म्हणून ते सुटं निघतं. याला ती सालच नसते. बुरशीचे तंतू थेट खडकाच्या कणांमधल्या फटींत शिरलेले असतात. चाकूला भुकटी मिळाली ती त्यामुळे.

पुढच्या वेळी चाकूऐवजी दहापट भिंग न्या. पिवळा थर सलग नसतो, वाळून भेगाळलेल्या चिखलासारखे त्याचे बारीक तुकडे दिसतील. हा पिवळेपणा रायझोकार्पिक आम्लाचा. मधले काळे ठिपके म्हणजे बुरशीची बीजाणू तयार करणारी फळं. मला सर्वांत आवडते ती कडेची काळी रेघ. ती निव्वळ बुरशी असते, शैवाल तिथवर अजून पोचलेलं नसतं. दोन शेजारी वाढत वाढत भिडले की त्यांच्यामधली हद्दही तीच.

आता वय. मी एका डागाचा काठ पारदर्शक कागदावर गिरवून ठेवला होता. अकरा वर्षांनी तोच कागद पुन्हा लावला, तर काठ जेमतेम चार मिलिमीटर सरकलेला! याच संथपणावरून रोलँड बेशेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास हिमनद्यांनी मागे टाकलेल्या दगडांचं वय काढायची पद्धत मांडली. त्यात सर्वांत मोठा डाग मोजतात. मात्र वाढीचा वेग जागेनुसार बदलतो, म्हणून आधी जवळपासच्या, वर्ष कोरलेल्या दगडावरून तो ठरवावा लागतो. तुमचा डाग एकसंध असेल, दोन-तीन मिळून झालेला नसेल, तर त्याने शंभरी ओलांडलेली असू शकते.

२००५ मध्ये हीच जात युरोपीय अवकाश संस्थेने सुमारे दोन आठवडे उघड्या अंतराळात ठेवली होती. परत आल्यावर ती जिवंत होती. पण चाकूपुढे तिचं काही चालत नाही. तुम्ही खरवडलेली नखभर जागा भरायला काही दशकं लागतील. कृपा करून पुन्हा खरवडू नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि मला पाठवा.